बाळाला जुलाब, उलट्या आणि ताप : घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अकरा महिन्यांचा, वजन ८ किलो. तीन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब, दिवसातून आठ-दहा वेळा. पहिल्या दिवशी खूप उलट्या झाल्या, आता अधूनमधून होतात. ताप १०१ पर्यंत चढतो. वरचे दात येताहेत, म्हणून सासूबाई म्हणतात हे दातांचंच आहे. त्यांनी जायफळ उगाळून चाटवलं. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची बाटली दिली. शेजारच्या काकू म्हणतात दूध बंद कर. ओआरएस तोंडात घातलं की बाळ थुंकतो. सलाईन लावून घ्यावं का? ताप डोक्यात जाऊन झटका येईल का? आणि चार वर्षांच्या मोठ्या मुलीला खोकला आहे, तिचं औषध घरात आहे, याचाही घसा खवखवतोय असं वाटतं, तर तेच थोडं द्यावं का?

ताई, पुढचं वाचण्याआधी बाळाला मांडीवर घ्या आणि नीट बघा. हाक मारल्यावर तुमच्याकडे बघतोय का? अंगावर घेतलं की ओढून पितोय का? गेल्या सहा तासांत लघवी झाली का? तिन्ही गोष्टी ठीक असतील तर निवांत वाचा. तो निपचित पडला असेल, उठवलं तरी पुन्हा डोळे मिटत असेल, काही पीतच नसेल, पोटात गेलेलं सगळं उलटून पडत असेल, शीमध्ये रक्त असेल, किंवा उलटी हिरवी होत असेल, तर वाचत बसू नका. जवळचं मुलांचं हॉस्पिटल गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन लावा. बाळ गिळू शकत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस पाजत राहा.

जुलाब झालेल्या बाळाच्या घरी सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं : शी कधी घट्ट होणार? डॉक्टर म्हणून मी सगळ्यात आधी विचारते ते वेगळंच असतं. शरीरातून गेलेलं पाणी परत भरलं जातंय का? या वयातले पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे होतात आणि पाच-सात दिवसांत आपोआप थांबतात. तोवर आतड्याला थांबवण्याची घाई करून काही साधत नाही. बाळाच्या जिवाला धोका होतो तो पाणी आणि क्षार कमी पडल्याने. ते भरून काढणं आईच्या हातात आहे, आणि त्याला इंजेक्शन लागत नाही.

दातांचं आधी बोलू, कारण या समजुतीपायी मुलं उशिरा दवाखान्यात येतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ चिडचिड करतं, अंग किंचित कोमट लागतं. पण १०१ ताप आणि दिवसाला दहा जुलाब दातांमुळे होत नाहीत. मग दोन्ही एकाच वेळी का दिसतं? सहा महिन्यांनंतर आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, त्याच सुमारास बाळ रांगायला लागतं, आणि फरशीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जाते. नेमके तेव्हाच दातही येतात. सासूबाईंनी पाहिलेलं खरं आहे, दोन्ही गोष्टी बरोबरच येतात. फक्त एक दुसरीमुळे होत नाही.

जायफळ मात्र आजपासून बंद करा. उगाळून चाटवलेल्या जायफळाने बाळाला गुंगी येऊ शकते. घरच्यांना वाटतं, बाळ शांत झोपलं, आराम पडला. आणि मला तर झोपाळूपणा हीच धोक्याची खूण म्हणून तपासायची असते. बाळ जायफळाने पेंगतंय की अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, हे मग कुणालाच कळत नाही. शिवाय पेंगणारं बाळ पीत नाही. बाळगुटीचंही या आजारपणात तेच. सहाणेवरून, दगडावरून, उगाळणाऱ्या हातावरून नवे जंतू आत जातात. गुटी पूर्ण थांबवा.

पण आजीच्या नजरेला मी फार मान देते. ‘टाळू खोल गेलीय’ हे आईच्या आधी बहुतेक वेळा आजीच्या लक्षात येतं, कारण तिचा हात रोज तेल लावताना तिथे फिरलेला असतो. खोल गेलेली टाळू ही पाणी कमी झाल्याची पक्की खूण आहे. तिथे तेल थापून ती वर येणार नाही, तोंडाने पाणी गेलं की येईल. सासूबाईंना सांगा, ‘रोज सकाळी बाळाला मांडीवर सरळ बसवून, तो शांत असताना टाळूवरून बोट फिरवून मला काय ते सांगा.’ त्यांच्यासारखी तपासणी घरात दुसरं कुणी करू शकणार नाही.

बाकीच्या खुणाही घरीच बघता येतात. डोळे खोल गेलेत का, हे आईलाच कळतं, कारण तिला नेहमीचा चेहरा माहीत असतो. रडताना पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, ते बघा. बेंबी आणि कुशीच्या मधली पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती पटकन सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसत असेल तर पाणी कमी पडलंय. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी तशीच राहिली, तर परिस्थिती गंभीर आहे, घरी थांबायचं नाही. लघवीचं बघायचं तर डायपर अडचणीचा ठरतो. पाण्यासारखी शी आणि लघवी एकत्रच शोषली जाते, कळत काहीच नाही. हे चार-पाच दिवस सुती लंगोट वापरा. प्रवासात डायपर लावावाच लागला, तर आत पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा, तो ओला झाला की समजतं.

आता ओआरएस. सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

पुडा घ्यायचा तो जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा. तसं पुड्यावर छापलेलं असतं. मोठा पुडा १ लिटर पाण्यासाठी असतो, छोटा २०० मिलीलीटरसाठी. किती पाण्यात घालायचा ते पुड्यावर वाचा आणि पुडा एका वेळी पूर्ण रिकामा करा. मोठ्या पुड्यातली चमचाभर पावडर वाटीत, उरलेली रबर लावून फडताळात, हा प्रकार मी नेहमी पाहते. आईला वाटतं वाया जायला नको. पण अंदाजाने केलेलं पाणी दाट झालं तर बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं आणि मेंदूपर्यंत त्रास होऊ शकतो. फार पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. घरात १ लिटरची पाण्याची बाटली असतेच. पाणी आधी उकळून गार करा, बाटली भरून स्वच्छ पातेल्यात ओता, पूर्ण पुडा घाला, ढवळा, झाकून ठेवा. त्यात साखर, लिंबू, दूध, ग्लुकोजची पावडर काही घालू नका. मिसळल्यावर पुन्हा उकळू नका. २४ तासांनी उरेल ते ओतून टाका आणि नवं करा. पुडा स्वस्त असतो. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफतही मिळतो.

तुमच्या बाळासाठी हिशोब असा. बाळ तरतरीत असेल तर प्रत्येक पातळ शी झाल्यावर ५० ते १०० मिली, म्हणजे अर्धी ते एक छोटी वाटी. हे नेहमीच्या अंगावरच्या दुधाशिवाय वेगळं. डोळे खोल गेलेत, सारखा पाणी मागतोय, चिडचिडा झालाय, कातडी हळू बसतेय, असं असेल तर चार तासांत किलोमागे ७५ मिली द्यायचं असतं. ८ किलोला ६०० मिली झालं. ऐकून छाती दडपते. पण ५ मिलीच्या चमच्याने दर दोन मिनिटांना एक चमचा दिला, तर चार तासांत बरोबर ६०० मिली होतं. हे पहिल्यांदा करताना दवाखान्यात आमच्या नजरेसमोर केलेलं बरं, म्हणून आम्ही आईला बाळासह तिथेच बसवून घेतो. एका हातात वाटी, एका हातात चमचा, समोर भिंतीवरचं घड्याळ. पहिला अर्धा तास काहीच फरक दिसत नाही आणि आई रडवेली होते. दोन तासांनी बाळ चमच्यावर झडप घालायला लागतं. चार तासांनी लघवी होते. ती लघवी बघून आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी हा व्यवसाय आजही आनंदाने करते.

थुंकतो, ओकतो म्हणता, त्याची कारणं बहुधा दोन. बाटलीने किंवा पेल्याने घटाघट दिलं असेल तर चिडलेलं पोट ते परत फेकतं. तोंडात एकदम ओतू नका. चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवा, गिळू द्या, थांबा. उलटी झालीच तर दहा मिनिटं काही देऊ नका आणि मग पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. चमचा चालत नसेल तर सुई काढलेली ५ मिलीची नवी सिरिंज वापरा. थोडं गार केलेलं ओआरएस काही बाळं जास्त खुशीने घेतात, तसं करायला हरकत नाही. दुसरं कारण दिलासा देणारं आहे : ज्याच्या अंगात पाणी पुरेसं आहे त्याला ती खारट-गोड चव नको असते. तहानलेलं बाळ सहसा थुंकत नाही. तुमचा मुलगा अंगावर नीट पितोय, खेळतोय, लघवी करतोय आणि ओआरएस थुंकतोय, तर फार जबरदस्ती करू नका. दूध, पेज, वरणाचं पाणी चालू ठेवून थोडं थोडं देऊन बघत राहा.

या साध्या पाण्यात नेमकं काय आहे, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, म्हणजे विश्वास बसतो. आतड्याच्या आतल्या थरात मीठ आणि साखर हातात हात घालून आत घेणारी एक यंत्रणा असते. जुलाबातही ती चालू राहते. मिठाबरोबर ठराविक प्रमाणात ग्लुकोज असेल तर दोन्ही आत ओढली जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. प्रमाण चुकलं तर उलटं होतं. साखर जास्त झाली की ती आतड्यातच राहते, पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, पाकिटातला फळांचा रस, नुसतं ग्लुकोजचं पाणी या आजारात वाईट. शहाळं चांगलं, पण त्यात सोडियम कमी असतं. अधूनमधून द्या, ओआरएसच्या जागी नको. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांवर ओआरएस लिहून ती वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही दुकानात मागताना ‘पुडा द्या, डब्लूएचओचा’ असंच म्हणा.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांमध्ये ठेवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला सांगितलं. १०० रुग्णांमागे तीसच्या आसपास मृत्यू होत होते, ते चारच्याही खाली आले. पाजणारे हात डॉक्टर-नर्सचे नव्हते, घरच्या माणसांचे होते. या डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुम्ही घरी वाटी-चमचा घेऊन बसता तेव्हा तेच काम करत असता.

म्हणून सलाईनचं उत्तर सरळ आहे. पिऊ शकणाऱ्या बाळाला सलाईन लागत नाही. ‘एक बाटली लावून टाका डॉक्टर, म्हणजे ताकद येईल’ असं मला रोज ऐकायला मिळतं. त्या बाटलीत ताकदीचं काही नसतं. असतं ते पाणी आणि क्षार, तोंडाने देता येतील तेच. इवल्या हाताला चार वेळा टोचायचं, रडारडीत ओकारी वाढायची, खर्च वेगळा. गंभीर निर्जलीकरण, सतत उलट्या, बेशुद्धी, पोट फुगणं यांत सलाईन जीव वाचवतं, तेव्हा क्षणाचाही विलंब नको. ते ठरवण्यासाठी बाळ डॉक्टरांनी तपासायला हवं. उलट्या थांबतच नसतील तर डॉक्टर वजन बघून ऑनडॅनसेट्रॉनचा एखादा डोस देतात, त्यानंतर ओआरएस टिकतं आणि सलाईन टळतं. स्वतःच्या मनाने देऊ नका.

मेडिकलवाल्याची अँटिबायोटिकची बाटली बाजूला ठेवा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पोटातले चांगले जंतू मात्र मरतात आणि कित्येकदा जुलाब लांबतात. शीमध्ये रक्त आणि आव पडत असेल, कॉलऱ्याची शंका असेल, किंवा बाळ फार लहान, फार कुपोषित असेल, तेव्हा अँटिबायोटिक लागतं. कोणतं आणि किती दिवस, ते तपासून ठरतं. जुलाब बांधणाऱ्या लोपरामाइडसारख्या गोळ्या मुलांना अजिबात नाहीत. आतडं थंडावतं, घाण आतच राहते, पोट फुगतं.

ज्याचा खरा उपयोग होतो ते औषध बहुतेक घरी अर्धवट सोडलं जातं. ते म्हणजे झिंक. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असं १४ दिवस. जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं. पण शी घट्ट झाली की चौथ्या-पाचव्या दिवशी बाटली कोपऱ्यात जाते. १४ म्हणजे १४. कॅलेंडरवर खुणा करा. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून देता येते. दिल्यावर लगेच उलटी झाली तर थोड्या वेळाने पुन्हा द्या.

दूध बंद करायचं नाही. अंगावरचं तर मुळीच नाही, उलट जास्त वेळा घ्या. वरचं दूध चालू असेल तर तेही चालू ठेवा, पाणी घालून पातळ करू नका. बाटली असेल तर ती मात्र कायमची काढून वाटी-चमच्यावर या. बाटलीच्या बुचात राहिलेला दुधाचा थर हे या आजाराचं मोठं मूळ आहे. दूध प्यायलं की लगेच आंबट वासाची फेसाळ शी, ढुंगण लालबुंद, आणि हे आठवडाभरानंतरही चालूच, असं असेल तरच दुधाचा विचार करावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारून.

खायला द्या. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवलेलं बाळ जुलाबाने झालं नसतं तेवढं उपासाने खंगतं. मऊ वरणभात, वर थोडं तूप, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. बाळ दोनच घास घेतं, हरकत नाही, दोन तासांनी पुन्हा दोन. साबुदाण्याच्या पाण्यावर चार दिवस काढू नका, त्यात पिष्टाशिवाय फार काही नसतं.

आता ताप. १०१ हा आकडा भीतीचा नाही. १००.४ च्या वर गेला की आम्ही त्याला ताप म्हणतो, आणि ताप हे शरीर जंतूंशी लढत असल्याचं लक्षण आहे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मात्र १००.४ ला सुद्धा त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल. तिथे वाट बघायला जागा नाही. तुमच्या अकरा महिन्यांच्या बाळात ताप उतरल्यावर तो कसा दिसतो ते बघा. उतरल्यावर खेळायला लागला तर चिंता कमी. ताप नाही तरी मलूल पडून आहे, तर तपासून घ्या. आणि तुमच्या बाळाचा आज तिसरा दिवस आहे, उद्याही ताप असेल तर बाकी सगळं ठीक वाटलं तरी दाखवाच.

औषध फक्त पॅरासिटामॉल, तेही बाळ अस्वस्थ असेल तर. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ८ किलोला ८० ते १२० मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय मात्र ओतू नका. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप जास्तीत जास्त ५ मिली लागेल. ५ मिलीत २५० असलेलं त्याच्या निम्म्याहून जरा कमी. आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, त्याचे फक्त १ मिली पुरतात. ड्रॉप्सची बाटली लहान, म्हणून औषध सौम्य, असं समजून चमचाभर दिलं तर पाचपट डोस जातो आणि यकृताला इजा होते. नव्या बाटलीबरोबर येणारं मापच वापरा, घरातला चहाचा चमचा नको. जुलाबात पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड देऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. निमेसुलाइड तर २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदच आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर असेल तर ती चिठ्ठी फाडून टाका. कपाळावर बर्फाच्या पट्ट्या, गार पाण्याने आंघोळ काही नको. सैल सुती कपडे आणि मोकळी हवा पुरते. दुलईत गुंडाळू नका.

ताप डोक्यात जात नाही, ताई. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापाच्या चढाबरोबर झटका येतो, साधारण १०० मुलांत दोन ते पाच जणांना. बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि अशा साध्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. आला तर बाळाला जमिनीवर कुशीवर झोपवा, गळ्याजवळचं कापड सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला, अंगाच्या एकाच बाजूला आला, पुन्हा आला, किंवा नंतर बाळ भानावर येत नसेल, तर तातडीने हॉस्पिटल. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवा, कारण जुलाबाच्या बाळाला क्षार बिघडल्यानेही झटका येऊ शकतो.

मोठ्या मुलीचं खोकल्याचं औषध धाकट्याला एक थेंबही देऊ नका. तिलाही गरज नसण्याची शक्यता जास्त. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. ती मुलं साध्या सर्दी-खोकल्याची होती. भेसळ नसली तरी या औषधांचा लहान मुलांत फायदा नगण्य असतो, गुंगी आणि धडधड मात्र खरी. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हाच कळवलं की दोन वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. धाकट्याचं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, दूध पाजण्याआधी. मुलीला कोमट पाणी, आणि झोपताना अर्धा-एक चमचा मध. मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. आंघोळीनंतरची ओव्या-उदाची धुरीही बंद करा, खोकल्याच्या बाळाच्या श्वासनलिका धुराने आवळतात.

खोकला साधा की न्यूमोनियाचा, हे ओळखायला घड्याळ पुरतं. बाळ शांत किंवा झोपेत असताना अंगातलं कापड वर करा आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा वेगवान श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर आकडा कितीही असो, लगेच निघा.

एक आजार जुलाबाच्या वेषात येतो, तो माहीत असू द्या. बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मिनिटा-दोन मिनिटांत शांत होतं, पांढरं पडतं, थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग उलट्या, आणि शीमध्ये लालसर जेलीसारखं रक्त. आतड्यात आतडं शिरलेलं असतं. पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत जास्त दिसतं. वेळेत आलं तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय सुटतं. उशीर झाला तर आतडं कापावं लागतं.

बाळाची शी निरुपद्रवी असते असं समजू नका. या दिवसांत ती पूर्ण घराला जुलाब लावू शकते. ढुंगण धुणाऱ्या हाताला प्रत्येक वेळी साबण, आणि लंगोट वेगळे धुऊन उन्हात. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी असेल तर बाळासाठी उकळूनच. रोटाव्हायरसची लस सरकारी वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडाने देतात. ती घेतलेल्या बाळालाही जुलाब होतात, पण गंभीर होण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. तुमच्या लसीकरण कार्डावर बघा. राहिली असेल तर सरकारी कार्यक्रमात ती वर्षाच्या आत सुरू करता येते, म्हणून केंद्रात लगेच विचारा. आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि त्याबरोबरचं अ जीवनसत्त्व राहिलं असेल, तर बाळ सावरल्याबरोबर जवळच्या केंद्रात घेऊन जा. गोवरानंतर होणारे जुलाब फार हट्टी असतात.

जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या आणि पंधराव्या दिवशी अंगणवाडीत वजन करून घ्या. ८ किलोच्या खाली अडकलं असेल, किंवा जुलाब १४ दिवसांनंतरही चालूच असतील, तर कार्ड आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, मेडिकलवाल्याने दिलेली सुद्धा, पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.